तुरीच्या डाळीखाली

रुवीत राहायला आलो तेव्हा उल्हास म्हणाला,
इथे बँक आहे, कार्ड आहे, गल्लीच्या तोंडाशी मशीन आहे.
मी हो म्हटलं,
आणि दूध पावडरचा रिकामा डबा धुऊन गॅलरीत ठेवला.
मस्कतच्या उन्हात डबा पाच मिनिटांत वाळतो.
तळाशी पिशवीत गुंडाळून वीस रियालची नोट,
वर दोन किलो तूरडाळ.
डाळ काढताना वाटी तळाला लागू द्यायची नाही
हा घरातला कायदा,
आणि तो मला एकटीलाच माहीत.

पैसे यायचे इथून तिथून.
एसीचं पाणी बादलीत धरायचं, त्यात फरशी पुसायची.
टूथपेस्ट कात्रीने कापली की आणखी चार दिवस.
इस्त्री गादीखाली.
गुरुवारी रात्री, भाजीवाला शटर ओढायच्या बेतात असताना
टोमॅटोची अख्खी पेटी तीनशे बैशांत;
मग शुक्रवारभर टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी
आणि उल्हासचं तोंड.
बैशांनी कुणी श्रीमंत झालंय का, त्याने विचारलं.
म्हटलं, श्रीमंत नाही व्हायचं.
रात्री दोन वाजता कुणाचं दार वाजवायचं नाहीये.

दार वाजलं, पण आमचं.
ते वादळाचं साल. वादीचं पाणी रस्त्यावर, वीज गेलेली,
मशीन मेलेलं, दुकानदार म्हणतोय रोख, फक्त रोख.
उंबऱ्याशी वरच्या मजल्यावरची जुबेदा परकार,
कडेवर बाळ, घरात दूध नाही.
मी डाळ परातीत ओतली.
उल्हास मेणबत्ती धरून बघत राहिला.
तेरा वर्षांच्या संसारात त्याने मला इतकं टक लावून
दुसऱ्यांदाच पाहिलं.
जुबेदाने महिन्याभरात पैसे फेडले,
वर दापोलीहून आलेले तळलेले गरे.
उल्हास काही बोलला नाही.
त्यानंतर डाळ मात्र तीन किलो आणायला लागला.

खरं सांगायचं तर डबा दुधासाठी नव्हताच.
या इमारतीत घरोघरी असा एक डबा असणार,
आणि कशासाठी ते कुणी कुणाला विचारत नाही.
गावाहून अवेळी येतो, त्या फोनसाठी.
माझा आला पहाटे साडेतीनला.
लांज्याहून. आई.

तिकीट एकशे बेचाळीस रियाल, एकटीचं.
डब्यात एकशे साठ.
अठरा उरले,
आणि उरले म्हणून मला क्षणभर बरं वाटलं.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तेराव्यानंतर आईचं स्वयंपाकघर आवरायला घेतलं.
कुळथाच्या डब्यात हात घातला, सवयीने, पार खालपर्यंत.
बोटांना प्लॅस्टिक लागलं.
पाचशेच्या अकरा नोटा,
आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तिचं तिरकं अक्षर:
शालनला परत जायला.

अकरांतल्या चार जुन्या, रद्द झालेल्या.
तिला कुणी सांगितलं नसेल.
किंवा सांगितलं असेल,
पण बदलून आणायच्या म्हणजे आधी कुणाला तरी दाखवायच्या,
आणि ते तिच्याने झालं नसेल.
माझ्यानेही झालं नसतं.

सात मी मोडल्या.
मुंबईपर्यंत गाडी केली, विमानतळावर चहा घेतला,
एका कपाला एकशे ऐंशी रुपये.
आई असती तर तो कप
मला पुरता पिऊ दिला नसता.

चार घेऊन आले.
आता तळाशी अठरा रियाल आणि चार मेलेल्या नोटा
एकाच पिशवीत आहेत.
वरून डाळ हल्ली उल्हासच ओततो,
सावकाश, आवाज न करता,
जणू कुणी झोपलंय खाली.

आज गुरुवार.
शटर पडायच्या आत खाली जायला हवं.